बँकेच्या तोंडून नाही

वहिनी, तुझ्या तेरवीला आलेली प्रत्येक बाई एकच वाक्य बोलत होती. "मोठी शांत होती बिचारी." कुणी मराठीत म्हणालं, कुणी हिंदीत, पण वाक्य तेच. मी पंगतीत भाजी वाढत होते. वाटलं, हातातली बादली खाली ठेवावी आणि एकेकीला विचारावं, की ती शांत काहून होती हे कधी पाहिलं का तुम्ही? विचारलं नाही. उलट "आणखी घ्या, आणखी घ्या" करत राहिले. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

मराठीत लिहिते आहे. वारासिवनीच्या शाळेत इतकी वर्षं हिंदीत शिकवून माझी मराठी आता बोलण्यापुरतीच उरली आहे, चुका होतील. पण तू तुमसरची, मराठी शाळेत शिकलेली. राज्याची हद्द ओलांडून बालाघाटला सून म्हणून आलीस आणि दुकानाच्या पाटीपासून बँकेच्या कागदापर्यंत सगळं हिंदीत बघून गांगरलीस. तुझे सगळे अर्ज मीच भरले. निदान हा एक कागद तरी तुझ्या भाषेत असू दे.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मला ते जमणार नाही, कारण पहिला राग तुझ्यावरच आहे. बीपीची एक गोळी सकाळी चहानंतर घ्यायची, एवढंच काम होतं. लग्नसराईत पार्लरला नवरी सजवायची कामं आली की तू ती बंद करायचीस. "गोळीनं हात जड होते माधुरीबाई, अन् लायनर हालते." परक्या पोरींचं लायनर हलू नये म्हणून स्वतःच्या डोक्यातली नस फुटू दिलीस. गोंदियाला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिथल्या डॉक्टरने विचारलं, गोळ्या चालू होत्या का, तर दादा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. बायको त्याची आणि तिच्या गोळ्यांचा हिशोब मी ठेवायचा.

आणि ते माधुरीबाई. मी तुझ्याहून लहान, तरी मला अहो-जाहो, का तर मी नवऱ्याची बहीण. मी तुला तू म्हणायचे आणि तू मला तुम्ही. किती वेळा सांगितलं, नुसतं माधुरी म्हण. "हौ," म्हणायचीस, आणि पुढच्याच वाक्यात परत माधुरीबाई. इतक्या वर्षांत एवढं साधं माझं ऐकलं नाहीस.

दादा वाईट माणूस नाही, हे मी आजही म्हणेन. दारू नाही, हात उगारणं नाही. त्याला फक्त दर थोड्या दिवसांनी नवा धंदा सुचतो आणि प्रत्येक धंद्याच्या कर्जाला कुणाचं तरी नाव लागतं. स्वतःचं नाव तो मोबाईलच्या दुकानात घालवून बसला होता. मग वरातीत वाजवायचा डीजे घ्यायचं ठरलं तेव्हा फायनान्स कंपनीच्या कागदावर तुझं नाव आलं. तू सही केलीस. तू नवरी सजवणार आणि तो वरात वाजवणार, काय जोडी जमली म्हणून आई आळीभर सांगत फिरली. दोन लग्नसराया डीजे वाजला, मग हप्ते थांबले, मग डीजेही विकला गेला. कर्ज मात्र तुझ्या नावावर होतं तिथेच राहिलं.

वसुलीवाले आले त्या दिवशी मी माहेरी आले होते. तुझं पार्लर म्हणजे आपल्या घराची पुढची खोली. खुर्चीत एक मुलगी तोंडाला ब्लीच लावून बसलेली, तिला बोलताही येईना. ते दोघे दारातच उभे राहून मोठ्या आवाजात तुझं नाव घेत होते. दादाचं नाही, तुझं. "वनिता मॅडम, पैसा खाके आराम से बैठी हो." दादा मागच्या दारानं केव्हाच चौकात गेला होता. तू त्यांना पाणी नेऊन दिलंस. मी भांडायला उठले, तर माझं मनगट धरून मला खाली बसवलंस आणि त्या मुलीचं ब्लीच पुसायला घेतलंस. ती मुलगी परत कधी तुझ्याकडे आली नाही.

पुढे कंपनीनं अर्ध्यामुर्ध्या रकमेत प्रकरण मिटवलं. स्वस्तात सुटलो म्हणून दादानं पेढे आणले. पण राहिलेली रक्कम सोडून दिली म्हणजे विसरली असं नसतं. तुझ्या नावापुढे नोंद राहून गेली, की या बाईनं कर्ज पूर्ण फेडलं नाही. हे कुणी आपल्याला सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही. पेढा तूही खाल्लास आणि मीही.

ते उघड झालं दुकानाच्या वेळी. बसस्टँडच्या रस्त्याला एक गाळा रिकामा होणार होता. तुला तो हवा होता, आणि तुला काही हवं आहे हे तू तोंडानं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या खोलीत नवरी बसली की दादाचे मित्र तिच्यासमोरून आत जायचे. कधी आई मध्येच येऊन नवरीला तिची जात विचारायची. तुला दार लावता येईल अशी जागा हवी होती. आपण दोघी कर्जासाठी बँकेत गेलो. साहेबानं पडद्यावर पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, आपका रेकॉर्ड ठीक नहीं है." बाहेर आल्यावर पायऱ्यांवरच तू मला विचारलंस, "माहं नाव काहून ठीक नाही? म्या तं एक रुपया नाही घेतला."  

खिडकीवरच्या मुलीनं आपल्याला परत आत बोलावलं, तिचं भलं होवो. तिनं रस्ता सांगितला. आपलेच पैसे एफडीत ठेवायचे. बँक ती एफडी तारण म्हणून धरून ठेवणार आणि त्याच्यापेक्षा थोडं कमी खर्च करता येईल असं क्रेडिट कार्ड देणार. त्या कार्डावर दर महिन्याला थोडंसं काही घ्यायचं, बिल आलं की वेळेत पूर्ण भरायचं. असं सांभाळून केलं तर बिघडलेलं नाव हळूहळू सावरतं. घरी आल्यावर आईनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "आपलेच पैसे बँकेत गहाण ठेवाचे अन् वरून त्याच्यावर उधारी कराची? येड्या झाल्या का दोघीबी?" आईचं खोटं नव्हतं. दादानं बुडवलेलं नाव तुला तुझ्या कमाईनं धुऊन काढायचं होतं. दंड परत तुलाच.

एफडीच्या वेळी वारस कोण लिहू, असं त्या मुलीनं विचारलं. मी शेजारी बसून डोळे वटारत होते. रुची अकरावीत होती, पोटची पोर, तिचं नाव सांगायचं की नाही? तू पटकन दादाचं नाव सांगितलंस. बाहेर आल्यावर मी चिडले तर म्हणालीस, "त्याहिले कळलं तं वाईट वाटन." त्याला वाईट वाटेल याची काळजी तू तुझ्या मरणानंतरच्या दिवसांसाठीही करून ठेवलीस.

एवढ्या रागात हसूही येतं. कार्ड आलं ते तू आधी देव्हाऱ्यात ठेवलंस, अन्नपूर्णेच्या पायाशी, रोज हळदकुंकू वाहून. पहिला महिना वापरलंच नाहीस. वापरलं नाही तर जास्त चांगलं, नवंकोरं राहील, असा तुझा हिशोब. मी फोनवर ओरडले, अगं, वापरून परत फेडलं तरच ते तुझं वागणं पाहतील ना, देवाजवळ ठेवून त्यांना काय दिसणार? मग गेलीस पार्लरचं सामान घ्यायला ठोक दुकानात, तर मशीन कार्ड वाचेना, चिपमध्ये कुंकू भरलेलं. घरी येऊन तू ते नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसलंस. कुंकू गेलं आणि त्याच्याबरोबर कार्डावरची सगळी अक्षरंही गेली. मला दाखवलंस तेव्हा एक पांढरट फरांटा तेवढा उरला होता. आपण दोघी इतक्या हसलो की आई काय झालं म्हणून स्वयंपाकघरातून बाहेर आली. तुला तसं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

नंतर मात्र तू चुकली नाहीस. वॅक्सचे डबे, ब्लीच, कापूस, एवढंच त्या कार्डावर. बिल आलं की शेवटच्या तारखेची वाट न बघता सगळं भरून मोकळी. आता इतकंच भरा, बाकीचं पुढे, असं बिलावर जे गोड बोलून दाखवतात त्याला भुलली नाहीस. भरलं की मला फोन. "भरलं," एवढं बोलून ठेवून द्यायचीस. मी वर्गात असले तरी तो फोन उचलायचे.

मग दादाला कॅटरिंगची भांडी घ्यायची होती आणि त्याला एफडी आठवली. मोड म्हणाला. आणि तू, जिनं आयुष्यात त्याला कशाला नकार दिला नाही, ती म्हणालीस, "बँकेनं धरून ठेवली हाये. कार्ड हाये तोवर नाही सोडत." कार्ड कधीही बंद करता आलं असतं आणि एफडी सुटली असती. तुला ते पक्कं माहीत होतं, आपण दोघींनी मिळून विचारून घेतलं होतं. दादानं बँकेच्या नावानं बोटं मोडली. तुला एक शब्द बोलला नाही.

आपलं भांडण झालं ते यावरून. अंगणात मटार सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "खोटं काहून बोललीस? तुझे पैसे आहेत. सरळ नाही म्हणायचं."

"मले नाही म्हणता येत नाही, माधुरीबाई. बँकेले येते."

"म्हणजे जन्मभर बँकेच्या तोंडून बोलत राहशील?"

"बोलू द्या ना मंग. कोनाच्या तरी तोंडून निंगलं तं."

मला त्या उत्तराचा इतका राग आला की मी तुला भाषण दिलं. शाळेत पोरींना देते तेच. स्वाभिमान, हक्क, आपलं म्हणणं ठामपणे मांडणं. तू मान हलवत मटार सोलत होतीस. माझ्यापुढच्या शेंगा तशाच पडून होत्या, त्याही तूच ओढून घेतल्यास आणि सोलून टाकल्यास.

रागात हेही लिहून टाकते, नाहीतर राहून जाईल. माझ्या ऑपरेशनच्या वेळी भर लग्नसराईत पार्लर बंद करून तू वारासिवनीला आलीस. सासूला जे सांगायची लाज वाटली ते सगळं तू केलंस. रोज माझे केस विंचरून दिलेस, कारण हात वर करता येत नव्हता. बुकिंग मोडलेल्या नवरीकडच्यांचे फोन मी झोपले असं समजून बाहेर जाऊन घ्यायचीस. त्याबद्दल मी कधी धड आभार मानले नाहीत, आणि मानले असते तर तू "हौ" म्हणून विषय बदलला असतास. म्हणून आता मानते. आता तुला विषय बदलता येणार नाही.

आणि नाव खरंच सावरलं. दीडएक वर्षानं स्कोअर इतका वर आला, की त्याच साहेबानं स्वतःहून सांगितलं, कागद घेऊन या. गाळा अजून रिकामा होता. तू आरसा पसंत करून ठेवला होतास, तिन्ही बाजूंनी दिवे असलेला. त्याच आठवड्यात दादानं राईस मिलचा माल वाहायला पिकअप घ्यायची ठरवली. "आता तुझं नाव चांगलं झालं हाये, तं मग अडचण काय?" असं म्हणाला तो. जणू त्याच्यासाठीच तू ते घासून चकचकीत करत बसली होतीस. बँक दोन कर्जं देणार नव्हती. एक तर तुझं दुकान, नाहीतर त्याची गाडी.

आता बँकही तुझ्या मदतीला नव्हती. आता तीच हौ म्हणायला तयार बसली होती. नाही म्हणायचं तर तुलाच म्हणावं लागणार होतं.

आपण शेवटचं बोललो ते यावरच. मी फोनवर जवळजवळ ओरडत होते. या वेळी सही केलीस तर ती तुझी चूक, दादाची नाही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "पाहीन." मी म्हटलं, पाहीन म्हणजे काय? हो की नाही? तू म्हणालीस, "रुचीची क्लासची वेळ झाली, ठेवते." आणि फोन ठेवलास. त्यानंतर मला फोन आला तो दादाचा, गोंदियाच्या रस्त्यावरून.

तेव्हापासून तुझं ते पाहीन मी मनात पुन्हा पुन्हा ऐकते. कधी वाटतं, त्यात नाही होतं. कधी वाटतं, नव्हतं. तू काय करणार होतीस हे मला आता कोण सांगणार? एवढं तरी सांगून जायचं होतंस. फार मागत नव्हते मी.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी निघायच्या तयारीत होते. दादा समोर येऊन बसला. डोळे लाल, दाढी वाढलेली. तो खोटं रडला नाही वहिनी, हेही तुला कळायला हवं. तुझ्या पार्लरच्या खुर्चीवर तो कुणाला बसू देत नाही. मला वाटलं तुझ्याबद्दल बोलेल. तो म्हणाला, "माधुरी, गाडीचा बयाना देल्ला हाये. तिनं हौ म्हटलं होतं. आता ते तं राह्यलं. तुही पक्की नोकरी हाये, नाव चांगलं हाये. तू फक्त सही कर, हप्ते मी भरतो."

तिनं हौ म्हटलं होतं. हे खरं की खोटं, तूच जाण. आई भिंतीला टेकून बसली होती. "सख्खा भाऊ हाये तुहा. त्याच्या घरचं माणूस गेलं हाये," ती म्हणाली.

मी म्हटलं, "नाही."

कारण दिलं नाही, बँकेचं नाव घेतलं नाही. नुसतं नाही. कुणी आरडाओरडा केला नाही. दादा उठून आत गेला. आईनं माझ्याकडे पाठ फिरवली आणि माझ्यासाठी बांधलेली बुंदीची पिशवी उचलून परत आत नेऊन ठेवली. जेवून जा, असं त्या घरात मला पहिल्यांदाच कुणी म्हणालं नाही. माहेर एवढ्यावर संपू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

रुची फाटकापर्यंत माझ्यामागे आली. तिनं सगळं ऐकलं होतं. हळूच म्हणाली, "आत्या, असं सरळ म्हणता येते का?"

मी म्हटलं, हौ, येते. चांगलं ठणकावून म्हटलं आणि बसस्टँडची वाट धरली. खिडकीजवळ जागा मिळाली, बस सुटली, आणि तिकिटाचे पैसे काढताना मला कळलं. मला नाही म्हणता आलं, कारण म्हणून झाल्यावर मला बसमध्ये बसता आलं. मला वारासिवनीत माझं घर आहे, माझा पगार आहे, माझ्या दाराला कडी आहे. तुला नाही म्हणून पुन्हा त्याच घरात संध्याकाळचा कुकर लावायचा होता, त्यालाच ताट वाढायचं होतं, त्याच खोलीत झोपायचं होतं. मी तुला भाषण देत होते तेव्हा हे तू एकदा तरी माझ्या तोंडावर फेकायला हवं होतंस. फेकलं नाहीस, मटार सोलत राहिलीस, आणि मला स्वतःला शहाणी समजू दिलंस. त्याचा राग मी कुणावर काढू?

एफडीचे पैसे दादानं काढले, वारस तोच होता. त्या घरात आता संध्याकाळचा कुकर रुची लावते.